अण्वस्त्रधारी पाच की नऊ?

परभणीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय : "सर, एका नोट्समध्ये अण्वस्त्रधारी राष्ट्रं पाच दिलीत, दुसऱ्यात नऊ. शिवाय कुठं अण्वस्त्रधारी, कुठं अण्वस्त्रसज्ज, कुठं अण्वस्त्रसंपन्न. खरं कोणतं धरायचं?"

दोन्ही नोट्स बरोबर आहेत, घोटाळा शब्दाचा आहे. १९६८च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या नवव्या कलमात व्याख्या आहे : १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यानं अण्वस्त्र किंवा दुसरं कुठलंही अणुस्फोटक बनवून त्याचा स्फोट केला, ते अण्वस्त्रधारी राष्ट्र. अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन त्यात बसतात. चीन तर जेमतेम, त्याचा पहिला स्फोट ऑक्टोबर १९६४चा. आपला पोखरणचा १८ मे १९७४चा. त्याला आपण 'शांततामय' म्हटलं, पण व्याख्येत 'दुसरं कुठलंही अणुस्फोटक' असल्यामुळं त्या विशेषणानं काही फरक पडला नसता. आडवी आली ती तारीख. भारत, पाकिस्तान आणि इस्रायलनं करारावर सही केलेली नाही. उत्तर कोरियानं २००३मध्ये माघार जाहीर केली आणि २००६मध्ये स्फोट केला. हे चार धरले की नऊ. (इस्रायल आपल्याकडं आहे असंही म्हणत नाही नि नाही असंही.)

यासाठी आपल्या जुन्या दफ्तरांत नेमके शब्द आहेत, मिरासदार आणि उपरी. दोघं एकाच शिवारात नांगर धरणार. पण मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा, उपऱ्याचा तसा नाही. पाच राष्ट्रं मिरासदार, चार उपरी. परीक्षेत अर्थात हे लिहू नकोस. तिथं 'करारमान्य अण्वस्त्रधारी' पाच आणि 'प्रत्यक्ष अण्वस्त्रधारी' नऊ, असं लिही.

आता शब्द. अणु अधिक अस्त्र, अण्वस्त्र. मनु अधिक अंतर, मन्वंतर, तसंच. 'अणवस्त्र' लिहिलं की बारीक कापड वाटतं. शस्त्र हातात धरून चालवायचं, अस्त्र फेकायचं, हा जुना भेद. म्हणजे 'अण्वस्त्रधारी'त फेकायची वस्तू धरून बसलेला माणूस आहे. ९ ऑगस्ट १९४५ला नागासाकीवर पडल्यानंतर युद्धात ते कुणी टाकलेलं नाही, नुसतं धरलंय, म्हणून हा शब्द मला चालतो. 'सज्ज'मध्ये रोख तयारीवर आहे. 'संपन्न' मात्र वापरू नये. गुणसंपन्न, विद्यासंपन्न या रांगेत बॉम्ब कामून बसवायचा?

मला खरी गंमत क्रियापदात वाटते. आपल्याकडच्या पेपरात बातमी येते, 'गावठी कट्टा बाळगल्याप्रकरणी एकास अटक'. ज्याच्याकडं कागद असतो तो 'परवानाधारक'. तो बंदूक 'बाळगतो' असं कुणी लिहीत नाही. तीच सवय परराष्ट्राच्या पानावर उतरते. अमेरिका 'अण्वस्त्रधारी', उत्तर कोरिया अण्वस्त्रं 'बाळगून'. कुणाकडं असणं योग्य नि कुणाकडं नाही, याचा निवाडा बातमी वाचायच्या आधीच क्रियापद देऊन मोकळं होतं. यावर 'जबाबदार' देशांकडं असलेली बरी, असं म्हणणारे भेटतात. पण कराराच्या व्याख्येत जबाबदारीचा शब्दही नाही, नुसती तारीख आहे.

कराराचं नावही नीट वाच. बंदी प्रसारावर आहे. पाचांनी बाळगण्यावर नाही. सहाव्या कलमात निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी करायचं वचन तेवढं आहे. बाळगण्यावरच बंदी घालणारा 'अण्वस्त्रबंदी करार' वेगळा, २०१७चा, २२ जानेवारी २०२१पासून लागू. त्यात नवांपैकी एकही नाही. या दोन नावांत एका 'प्रसार'चाच फरक आहे नि नोट्समध्ये तो हमखास गळतो, तेवढा तपासून घे.

मी स्वतः नवांसाठीही 'अण्वस्त्रं बाळगणारी राष्ट्रं' असंच लिहितो. आपला देश त्यात येतो म्हणून मागं एका वाचकानं मला फोनवर झापलं होतं. मी क्रियापद बदललं नाही.