कोर्स इंग्लिशमधे आहे तर जर्मन कशाला? – माझं उत्तर (जरा लांबलंय)

भावा, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. मास्टर्स पूर्ण इंग्लिशमधे, फ्लॅटवर सगळी आपलीच पोरं, दिवसभर रूम-लॅब-रूम, आणि आता जर्मनीत राहायचं परमिट संपत आलंय तर परदेशी लोकांच्या ऑफिसला इंग्लिशमधे टाकलेल्या मेलला एकतर उत्तर नाही, नाहीतर जर्मनमधे चार छापील ओळी. आणि वर तू विचारलायस, दोन वर्षांसाठी ही भाषा शिकण्यात अर्थ आहे का. मी पण कोल्हापूरचाच, जर्मनीच्या नैऋत्येला फाल्झ भागात शिकलो, थोडी वर्षं नोकरी केली, आता परत कोल्हापुरातच हाय. आधीच सांगतो, मी वकील न्हाई, नियम बदलत असतात, दर शहराची तऱ्हा वेगळी, त्यामुळं युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारूनच काय ते कर. अन्मेल्डुंग (पत्त्याची नोंदणी), ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं), इन्शुरन्स यात शिरत नाही, ते तू करूनच बसलायस.

मला सगळ्यात महागात पडलं ते परदेशी लोकांचं ऑफिस. शहराचं नाव घेत नाही. परमिट संपायच्या आधी मी वाढवायचा अर्ज दिलेला, सगळी कागदं जोडून. आता कायदा असा आहे की मुदतीत अर्ज दिला की निर्णय होईपर्यंत जुनं परमिट चालू धरतात आणि तसा एक कागद मिळतो, त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. त्यावर कलम 81 पोटकलम 4 ची खूण असली की देशाबाहेर जाऊन परत येता येतं. पोटकलम 3 वाला असला तर त्याच्यावर परत येता येत नाही, हे नीट बघ. माझ्या बहिणीचं लग्न होतं जूनमधे, मला तेवढा एकच कागद पाहिजे होता. खिडकीवर इंग्लिशमधे विचारलं, बाई म्हणाली इथली भाषा जर्मन, लेखी द्या. लेखी दिलं ते इंग्लिशमधे, मग काय, पेटीत पडलं. शेवटी अपॉइंटमेंटचं पत्र आलं ते लग्नानंतरच्या तारखेचं. कोल्हापुरात साडेबाराच्या मुहूर्तावर अक्षता पडल्या तेव्हा तिकडं सकाळचे नऊ, आणि मी लॅबच्या जिन्यात मोबाइल धरून उभा.

राग कशाचा येतो माहितीये का? तो कागद त्यांना तिथल्या तिथं छापून देता येतो. पुढच्या खेपेला परमिट वाढवायचं आलं तोवर माझी बी-वन, म्हणजे जर्मनची मधल्या पायरीची परीक्षा, झालेली. तीच खिडकी, तीच बाई. मोडक्यातोडक्या जर्मनमधे कागदाचं नाव घेतलं, कलम सांगितलं, तिकिटाची तारीख सांगितली, आणि कागद घेऊनच बाहेर पडलो. बाई काय हसली बिसली न्हाई. कायद्यानं सरकारी कामाची भाषा जर्मनच आहे, त्याला माझी हरकत नाही, पण समोरच्याला काय मागायचं तेच माहिती नाही हे दिसत असताना गप्प बसायचं हा कुठला नियम? आपण तरी काय वेगळे म्हणा, शिरोली एमआयडीसीत बाहेरच्या राज्यातली एवढी पोरं कामाला आहेत, ती आपल्या ऑफिसात मराठी फॉर्म हातात घेऊन कशी उभी असतात बघ एकदा.

असो. ऑफिस वर्षातून एकदा, बाकीच्या दिवसांचं काय? मला भाषेनं जास्त दिलं ते तिथं.

कुस्तीचं सांगतो. लहानपणी तालमीत गेल्तो, पैलवान न्हाई पण नाद हाय. फाल्झमधे कुस्तीचे बरेच क्लब आहेत आणि मला सुरुवातीला पत्ताच नव्हता, कारण पोस्टर जर्मनमधे आणि जर्मन दिसलं की आपली नजर आपोआप पुढं सरकते. जर्मनच्या क्लासातल्या एकानं नेलं. शनिवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमधे गादीवर सांघिक लढती, बाजूला सॉसेज आणि बिअर, आणि कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात असतो तसाच आरडाओरडा. वस्ताद म्हणावा असा एक म्हातारा शेजारी बसलेला. त्यानं मला विल्फ्रिड डिट्रिशची गोष्ट सांगितली. हा शिफरश्टाटचा, म्हणजे त्याच भागातला, 1960 च्या रोम ऑलिंपिकचा सुवर्णवाला, त्यानं 1972 ला म्युनिकमधे वयाच्या 38 व्या वर्षी 180 किलोंच्या वरच्या अमेरिकन टेलरला मिठी मारून डोक्यावरून मागं फेकला. मग मी खाशाबा जाधवांचं सांगितलं, 1952 हेलसिंकी, ब्राँझ, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केले ते. व्याकरण पार मेलेलं, हातवारे जास्त. पुढच्या शनिवारी म्हाताऱ्यानं आख्ख्या टेबलाला ती गोष्ट सांगितली आणि त्याच्या गोष्टीत खर्डेकरांनी घर विकूनच टाकलेलं. मी दुरुस्त करायला गेलो तर म्हणाला, अशी जास्त चांगली वाटते. नंतर घर बदलायचं आलं तेव्हा याच लोकांनी ट्रेलर आणला. इंग्लिशमधे त्यातल्या निम्म्यांशी माझं बोलणंच झालं नसतं.

क्लासात शिकवतात ती जर्मन आणि लोक बोलतात ती यात पुस्तकी मराठी आणि आपलं ‘काय करालाईस’ एवढं अंतर आहे. फाल्झमधे ‘इख’ (मी) चं ‘इश’ आणि ‘निख्त’ (नाही) चं ‘नेट’ ऐकून मला वाटलं मी दुसरीच भाषा शिकलोय. कान बसायला वेळ लागतो, घाबरू नको. आणि डेअर-डी-दासचं, म्हणजे नामाच्या तीन लिंगांचं, रडगाणं मराठी माणसानं गाऊ नये हे माझं ठाम मत. तीन लिंगं आपल्याला जन्मापासून आहेत, माझ्या हिंदीवाल्या रूममेटला ते तिसरं पचतच नव्हतं. पाठ मात्र करावंच लागतं, आपली लिंगं तिकडं चालत न्हाईत.

नुसत्या ॲपवर अवलंबून राहू नको, स्ट्रीक वाढते, तोंड उघडत नाही. युनिव्हर्सिटीचे सेमिस्टर कोर्स बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा स्वस्त असतात पण जागा लगेच भरतात. नाही मिळाली तर फोल्क्सहोखशूलेचे (मोठ्या माणसांसाठीची शिकवणी केंद्रं) संध्याकाळचे क्लास बघ, डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे जर्मनचे कोर्स ऑनलाइन फुकट आहेत. टँडेम पार्टनर, म्हणजे एकमेकांची भाषा शिकवणारा जोडीदार, मिळाला तर उत्तमच. तू जर्मन बोललास की समोरचा इंग्लिशवर येईल, तू खुशाल जर्मनच रेट. फ्लॅटमधल्या आपल्या पोरांना सोड असं म्हणत नाही, तांबड्या-पांढऱ्याची आठवण आली की तीच कामाला येतात, पण आठवड्यातली एक संध्याकाळ तरी जिथं मराठी-हिंदी कुणाला येत नाही अशा जागी घालव. आणि तुला फक्त हिशेबच पटत असेल तर ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचं नोकरीचं परमिट) कायमच्या परमिटला ए-वनवर (भाषेची पहिली पायरी) 27 महिने लागतात, बी-वन असेल तर 21. पण खरं सांगू, नुसत्या त्याच्यासाठी शिकलेले बरेचजण परीक्षा झाली की गप्प झालेले बघितलेत मी.

सध्या तुझं पहिलं काम, मेल जर्मनमधे परत टाक, साधी चार वाक्यं, अर्ज दिल्याची तारीख आणि कागदाचं नाव घालून, आणि क्लासातल्या कुणाला तरी दाखवून. इथं पत्राचा फोटो टाकणार असशील तर नाव, पत्ता, पासपोर्ट नंबर झाकून टाक, बघून सांगतो काय म्हणतायत.