अमेरिकेत माजी सैनिक असलेला शाळाशिक्षक राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक लढवू शकतो का?

हो, लढवू शकतो. उमेदवारीला सहसा अडचण नसते, खरी अडचण निवडून आल्यावर सुरू होते. काही राज्यांत सरकारी शाळेतली नोकरी आणि आमदारकी एकत्र चालते, काहींत राजीनामा द्यावा लागतो. त्यामुळे अर्ज भरण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचाच.

दुसरा प्रश्न पोटापाण्याचा. टेक्सासात आमदाराला महिना ६०० डॉलर पगार आहे, अधिवेशन काळातला दैनिक भत्ता वेगळा. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहात ४०० सदस्य आहेत आणि दोन वर्षांच्या मुदतीचं मानधन फक्त २०० डॉलर! टेक्सासचं नियमित अधिवेशन विषम वर्षी जानेवारीत सुरू होतं आणि १४० दिवसांपर्यंत चालतं. म्हणजे ऐन शाळेच्या दिवसांत वर्ग कोण घेणार? शिक्षकांची संख्या विधिमंडळात वाढायला हवी असं मला मनापासून वाटतं, पण हा हिशेब त्यांना मागे खेचतो.

तरी ते उभे राहतात. ओक्लाहोमात एप्रिल २०१८ मध्ये शिक्षकांचा संप सुरू असतानाच अर्ज भरायची मुदत आली, आणि आंदोलनातल्या कित्येक शिक्षकांनी थेट उमेदवारी भरली.

सैनिकी बाजूचा एक बारकावा: निवृत्त किंवा राखीव दलातल्या उमेदवाराला पत्रकावर गणवेशातला फोटो छापता येतो, पण तो मुख्य चित्र म्हणून नाही, आणि संरक्षण खात्याचा पाठिंबा सूचित होत नाही अशी ओळ ठळकपणे द्यावी लागते. पूर्णवेळ सेवेत असलेल्यांना मात्र पक्षीय निवडणूक सहसा लढवता येत नाही.