कॅमेरा होता, तरी समाराचा राजवाडा हाताने का काढला?

प्रश्न असा आहे: "समाराच्या उत्खननात हर्त्सफेल्डकडे कॅमेरा होता तरी त्याने राजवाड्याची एवढी स्केचेस हाताने का काढली? आणि आज फोटो, स्कॅन सगळं असताना त्या स्केचेसना विचारतो कोण?"

मी पुरातत्त्ववाला नाही, आर्किटेक्ट आहे, जुने वाडे मोजून त्यांची ड्रॉइंग्ज करायचं काम करतो. पण हर्त्सफेल्डसुद्धा मुळात आर्किटेक्चर शिकलेला माणूस, त्यामुळे त्याची पानं बघताना मला आमच्याच धंद्यातला कोणीतरी वाटतो, म्हणून लिहितोय. जरा लांबेल.

आधी जागा कुठली ते सांगतो कारण बऱ्याच जणांना समारा म्हणजे फक्त तो गोगलगायीसारखा वर चढत जाणारा मिनार माहिती असतो. इराकमध्ये बगदादच्या उत्तरेला, टायग्रिसच्या काठावर. हारून अल-रशीदचा मुलगा खलिफा अल-मुतासिम, त्याच्या तुर्की सैनिकांचं आणि बगदादच्या लोकांचं काही जमेना, म्हणून त्याने ८३६ मध्ये राजधानीच उचलून इकडे आणली. ८९२ मध्ये परत बगदाद. म्हणजे जेमतेम छप्पन्न वर्षं, पण तेवढ्यात नदीकाठाने चाळीसेक किलोमीटर शहर पसरलं होतं. आणि मग ते सोडून दिलं गेलं. पुरातत्त्ववाल्यांना यापेक्षा भारी काय पाहिजे, वर नंतरच्या शतकांची वस्ती फारशी चढलेली नाही, जे आहे ते थेट नवव्या शतकातलं. फक्त भाजक्या विटा लोकांनी काढून नेल्या, ते तर आपल्याकडे प्रत्येक किल्ल्यावर झालंय.

एर्न्स्ट हर्त्सफेल्ड, जर्मन, जन्म १८७९. फ्रीडरिश झारे नावाच्या बर्लिनच्या कलासंग्राहकाबरोबर त्याने समाराचं काम हातात घेतलं, १९११ ला खणायला सुरुवात केली आणि १९१३ पर्यंत दोन मोहिमा झाल्या. खलिफाचा मुख्य राजवाडा, दार अल-खिलाफा, दुसऱ्या मोहिमेत. हा वाडा म्हणजे आपल्या डोक्यातला महाल नव्हे हं, सव्वाशे हेक्टरचा पसारा आहे, त्यात बागा, अंगणं, हौद, घुमटाची दिवाणखाना-टाईप दालनं, घोडे पळवायची मैदानं. नदीकडे तोंड करून तीन मोठ्या कमानींचा दरवाजा आहे, बाब अल-आम्मा, तो अजून उभा आहे कारण पक्क्या विटांचा. बाकीच्या बऱ्याच भिंती कच्च्या मातीच्या, आणि त्या मातीवर जिप्समचा कोरीव गिलावा. जिप्सम म्हणजे आपल्या पीओपीचा सख्खा भाऊ. म्हणजे बघा, जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाच्या घरी आत माती आणि वर पीओपी! घाईत शहर उभं करायचं असलं की असंच होतं.

आता मुद्द्यावर. फोटो असताना हाताने का?

पहिलं साधं कारण रंग. त्याचे फोटो काचेच्या प्लेटवरचे, काळे-पांढरे. राजवाड्याच्या जनान्यात रंगवलेल्या भिंतींचे तुकडे सापडत होते, आणि अकराशे वर्षं मातीखाली असलेला रंग उघड्यावर आला की भरवसा नाही. त्यामुळे तो तिथेच वॉटरकलर करायचा. रंगाची ती नोंद फोटो देऊच शकत नव्हता.

दुसरं कारण मला जास्त आवडतं आणि ते गिलाव्याच्या कोरीव कामाचं आहे. समाराच्या गिलाव्याचे त्याने तीन प्रकार पाडले. त्यातला एक असा आहे की त्यात नक्षी आणि मागची सपाट जमीन असं वेगळं काही नसतंच, पृष्ठभाग तिरका कापत कापत नेलेला, एका वळणाचा उतार संपतो तिथे दुसऱ्या वळणाची चढण चालू होते. पान म्हणावं तर पान, बाटली म्हणावं तर बाटली, टोकाला गुंडाळलेली वळणं. साच्यातून पटापट काढता यायचं, म्हणून मैलोन्मैल भिंती झाकायला बरं. (याच प्रकाराला हर्त्सफेल्ड 'पहिली शैली' म्हणतो आणि नंतरच्या क्रेसवेल या इंग्रज अभ्यासकाने त्याचा क्रम उलटा करून याला 'सी' म्हटलं. हर्त्सफेल्डची तिसरी ती क्रेसवेलची 'ए'. विद्यार्थ्यांचा छळ दुसरं काय.)

तर या तिरक्या कापाचा फोटो काढा बरं. सकाळी डावीकडून ऊन असताना काढला तर खोल वाटणारी रेघ दुपारी गायबच. उतार किती, खोली किती, कळायला मार्ग नाही. ड्रॉइंग करणाऱ्याला मात्र तिथे सेक्शन घ्यावाच लागतो, म्हणजे नक्षी आडवी कापली तर कड कशी दिसेल ते मोजून काढायचं. आणि मोजायला बसलं की पेन्सिल टेकवण्याआधी ठरवावं लागतं की इथे कड आहे की नुसता उतार आहे, हा कारागिराचा काप आहे की नंतर टवका उडालाय. फोटो काढताना हे काहीच ठरवावं लागत नाही, बटण दाबलं की झालं. आजच्या लेझर स्कॅनचंही तेच, लाखो बिंदू मिळतात पण त्यातला कुठला बिंदू भिंतीचा आणि कुठला कचऱ्याचा हे शेवटी कोणीतरी बसून ठरवायचं असतं, आमच्या ऑफिसात ते काम नवीन मुलांच्या गळ्यात पडतं आणि ती बिचारी रडतात.

पण हेच ठरवणं घातही करतं, आणि तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग खरं तर इथे येतो.

समाराचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र तुम्ही पाहिलं असेल, दोन नर्तकींचं. दोघी एकमेकींकडे पाऊल टाकतायत, हात मध्ये एकमेकींत अडकलेले, आणि प्रत्येकीने लांब मानेची सुरई स्वतःच्या डोक्यामागून नेऊन दुसरीच्या हातातल्या वाडग्यात दारू ओतलीय. लांब वेण्या, जड घड्यांचे कपडे. इस्लामी कलेवरच्या कितीतरी पुस्तकांत हे असतं. पण जे छापलेलं असतं ते भिंतीवरचं चित्र नाही, ते हर्त्सफेल्डने तुटक्या अवशेषांवरून पूर्ण करून काढलेलं चित्र आहे! १९२७ मध्ये त्याने भित्तिचित्रांचा खंड छापला त्यातलं. मूळ रंगकाम खराब झालेलं, तुकड्यांत, आणि मधल्या जागा त्याने भरल्या. चित्र दोन्ही बाजूंनी सारखं, आरशासारखं, त्यामुळे एकीकडचा हात मिळाला की दुसरीकडचा काढायचा मोह कोणालाही होईल. नंतरच्या अभ्यासकांनी विचारलंच आहे की यात नववं शतक किती आणि हर्त्सफेल्ड किती.

मी त्याला नावं ठेवणार नाही कारण मी हेच केलंय, आणि तेही खूप कमी कारणासाठी. एका वाड्याचा दिवाणखाना मोजत होतो, उजव्या भिंतीवर कोनाडे, महिरपी, सगळं टेप आणि ओळंबा लावून नीट घेतलं. डावीकडे जुनं कपाट होतं ते हलवायला माणसं नव्हती, संध्याकाळ झालेली, म्हटलं जोडभिंतच आहे, उजवी बाजू उलटी करून टाकली. ड्रॉइंग इतकं सुंदर दिसत होतं! पुढे काम सुरू झालं, कपाट हललं आणि मागे कोनाडा नाहीच, बुजवलेलं दार. सुताराने माझ्या ड्रॉइंगवरून कोनाड्याच्या मापाची फळी आधीच कापून आणली होती, ती हातात धरून माझ्याकडे बघत उभा. तेव्हापासून जे डोळ्याने बघितलं ते सलग रेघ आणि जे मानलं ते तुटक रेघ, यात मी तडजोड करत नाही.

म्हणून माझा सल्ला, हर्त्सफेल्डची छापील, गुळगुळीत चित्रं बघाच पण त्याची स्केचबुकं जास्त बघा. तिथे मापं लिहिलेली आहेत, जर्मन अक्षरात बारीक नोंदी आहेत, पुस्तकातल्यासारखं सगळं जुळवून आणलेलं नाही.

आता, विचारतो कोण? पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सापडलेल्या बऱ्याच वस्तू समारातच होत्या. त्यात बरीच नासधूस झाली, १९१७ मध्ये ब्रिटिश फौज तिथे पोचली आणि पुढे पेट्या लंडनला गेल्या, तिथून तुकडे वाटून वेगवेगळ्या देशांच्या म्युझियममध्ये. एकाच भिंतीचा एक तुकडा बर्लिनला, एक लंडनला, एक अजून तिसरीकडे. आता सांगा, कपाटातला एवढासा गिलाव्याचा खपला कुठल्या खोलीतला हे कसं कळणार? हर्त्सफेल्डने वस्तूंना नंबर देऊन नोंदवहीत उतरवलं होतं आणि स्केचेसही होती, त्या दोन्हींवरून आजही लोक तुकडे परत जागेवर बसवतायत, कागदावर का होईना. जे तुकडे हरवलेच त्यांचं तर स्केच किंवा फोटो हेच काय ते उरलंय.

बरं चुकतो तो फक्त भिंतीच्या चित्रातच असं नाही, राजवाड्याच्या नकाशातही जिथे खणलं नाही तिथे अंदाज आहेत. नंतर इराकच्या पुरातत्त्व खात्याने खणलं, हवाई फोटो आले, अॅलेस्टेर नॉर्थएजसारख्यांनी वर्षानुवर्षं शहराचा नकाशा नव्याने तपासला, त्यात बऱ्याच गोष्टी सुधारल्या. पण सुधारायला आधी काहीतरी काढलेलं लागतं ना.

एक गंमत जाता जाता. समाराच्या वाड्यांत कोरीव लाकूडही होतं, आणि त्यात सागवान. अरबीत सागाला 'साज' म्हणतात, शब्द आपल्याकडूनच गेलेला, कारण साग तिकडे उगवतच नाही, समुद्रातून बसऱ्याला यायचा आणि नदीने वर. वाड्याची तुळई मोजताना मी आता हे साईटवर सगळ्यांना सांगतो, कोणी विचारलेलं नसतं.

हर्त्सफेल्डचं पुढचं आयुष्य थोडक्यात: इराणमधल्या पर्सेपोलिस या प्राचीन राजधानीत खणलं, ज्यू वंशाचा म्हणून १९३५ मध्ये बर्लिनची प्राध्यापकी गेली, मग अमेरिकेत प्रिन्स्टनला. १९४६ मध्ये त्याने आपले कागद वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीला देऊन टाकले, स्केचबुकं, डायऱ्या, काचेच्या प्लेटा, सगळं. १९४८ मध्ये वारला. ते कागद आता स्मिथसोनियनने, म्हणजे ही गॅलरी ज्या संस्थेची आहे तिने, स्कॅन करून ऑनलाईन ठेवलेत, फुकट. नावाने शोधा, मोठ्या स्क्रीनवर उघडा, जर्मन येत नसलं तरी आकडे वाचता येतात. नर्तकींचं पान मात्र शेवटी उघडा, आधी गिलाव्याचे सेक्शन बघून या.