चार पगारांची फ्रेटलेस गिटार: आत्ता घ्यावी का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी पगारदार आहे. शिवाय महिन्यातून दोन-तीन रेकॉर्डिंगना गिटार वाजवून थोडेफार पैसे मिळतात. धातूच्या फिंगरबोर्डची, मागणीनुसार बनवून मिळणारी फ्रेटलेस इलेक्ट्रिक गिटार मनात भरली आहे (फिंगरबोर्ड म्हणजे तारा बोटांनी दाबायचा भाग, फ्रेट म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या; फ्रेटलेसवर त्या नसतात). किंमत माझ्या हातात येणाऱ्या चार पगारांइतकी. ४० टक्के आगाऊ भरायचे, गिटार आठ-दहा महिन्यांनी मिळणार. आगाऊ रकमेसाठी माझ्या दोन्ही फ्रेटवाल्या गिटारी विकेन. उरलेले ६० टक्के वार्षिक १८ टक्के व्याजाने, २४ हप्त्यांत. घरकर्जाच्या हप्त्यात पगाराचे ३० टक्के जातात. पाच महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन निधी वेगळा आहे, त्याला हात लावणार नाही. उंची वाद्यांच्या किमती वाढतच जातात, म्हणजे ही गुंतवणूकच झाली ना? आणि फिंगरबोर्डवर रेषा आखलेली घ्यावी की कोरी?

उत्तर: गुंतवणूक नाही, हा खर्च आहे. हौसेचा खर्च करायला माझी हरकत नाही. निधी वेगळा ठेवलात हेही चांगलं केलंत. पण तुम्ही लावलेला क्रम उलटा आहे. जे वाद्य कमावून देतं ते आधी विकायचं आणि जे कमावेल की नाही ठाऊक नाही ते कर्जाने आणायचं, असा हा बेत आहे. त्यात मधले आठ-दहा महिने हातात एकही गिटार नाही. रेकॉर्डिंगला बोलावणारे तेवढे दिवस वाट बघत बसणार नाहीत.

आधी आकडे बघू. गिटारची किंमत १०० भाग धरा, म्हणजे तुमचा एक पगार २५ भागांचा. ६० भागांचं कर्ज १८ टक्क्यांनी २४ महिन्यांत फेडायचं तर हप्ता जवळपास ३ भाग येतो, म्हणजे पगाराचे १२ टक्के. घरकर्जाचे ३० धरून ४२ टक्के पगार हातात येण्याआधीच बांधला गेला. दोन वर्षांत साधारण ७२ भाग भराल, त्यातले १२ निव्वळ व्याजाचे.

आता तीन वर्षांचा पूर्ण हिशेब. किंमत १००, व्याज १२, वाहतूक आणि मजबूत केस ४. कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार कमी करणारं उपकरण) आणि तार घुमत ठेवणारं उपकरण मिळून ८ (ते का लागतं, खाली सांगतो). तारा, सेटअप आणि विमा दरवर्षी २ प्रमाणे ६. एकूण १३०. परदेशातून मागवत असाल तर आयातशुल्क वेगळं, ते मागणी नोंदवण्याआधी लेखी काढून घ्या. तीन वर्षांनी विकायला काढलीत तर मी ५५ भाग धरतो. ६५ मिळाले तर आनंदच आहे, पण नियोजन ५५ वर करायचं. १३० वजा ५५ म्हणजे ७५, वर्षाला २५. म्हणजे तीन वर्षं दरवर्षी एक अख्खा पगार या गिटारमागे जाईल. हा आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवा आणि तरीही घ्यावीशी वाटते का ते बघा.

५५ हा आकडा फार खाली वाटत असेल. जुन्या गिटारींच्या किमती वाढतात त्या ठरावीक मॉडेल्सच्या, ज्यांना हजारो हात वाजवू शकतात आणि शेकडो लोक शोधत असतात. फ्रेटलेस बास गिटारला बासवादक जॅको पास्टोरियस यांच्यापासून स्वतःचा वाजवणारा वर्ग मिळाला. फ्रेटलेस गिटारला तसा मिळालेला नाही. त्यातून तुमची गिटार तुमच्या मापाची असणार, नेकची (दांडीची) जाडी, तारांमधलं अंतर, लाकूड, सगळं तुमच्या आवडीचं. विकताना यातल्या प्रत्येक आवडीगणिक गिऱ्हाईक कमी होतं. ज्यांच्याकडे ठरलेलं मॉडेल आहे त्या कंपन्यांचं वाद्य, उदाहरणार्थ धातूच्या फिंगरबोर्डची व्हिजिए कंपनीची सर्फ्रेटर, निदान नावावर ओळखलं जातं. तुमच्या नावाने बनलेलं वाद्य विकताना आधी ते काय आहे हेच समजावत बसावं लागतं.

दोन्ही जुन्या गिटारी विकण्याचं दुखणं मात्र पैशांपेक्षा बोटांचं आहे. फ्रेटच्या गिटारवर बोट फ्रेटच्या मागे कुठेही पडलं तरी सूर फ्रेट ठरवतो. फ्रेटलेसवर सूर बोटाचं टोक ठरवतं, आणि ते जिथे फ्रेट असायचा बरोबर तिथेच पडावं लागतं. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या जागी बोट १ मिलिमीटर सरकलं की सूर ५ सेंटपेक्षा थोडा जास्त हलतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). नटजवळ (तारा जिथून सुरू होतात त्या खाचांच्या पट्टीजवळ) तेवढ्याच चुकीने ३ सेंटही हलत नाही, पण चोविसाव्या जागी जवळपास ११ हलतो. एकेरी सुरावटीत हे कानाने सावरता येतं, मींड घेत सुरावर पोचता येतं. कॉर्डमध्ये (अनेक तारा एकदम वाजवताना) सावरायला वेळच नसतो. साधा ए मेजर घ्या. तीन बोटं एकाच फ्रेटवर, शेजारशेजारच्या तीन तारांवर. तिथे तारांमधलं अंतर सात-आठ मिलिमीटर आणि बोटाचं टोक त्याहून रुंद. फ्रेटच्या गिटारवर आपण बोटं थोडी मागेपुढे दाटीवाटीने बसवतो आणि काही बिघडत नाही. फ्रेटलेसवर ती मागेपुढे झाली की कॉर्ड बेसूर. एकच बोट तिन्ही तारांवर आडवं टाकून हा कॉर्ड निघतो, पण बहुतेक कॉर्डना अशी पळवाट नसते.

रेकॉर्डिंगला तुम्हाला मुख्यतः कॉर्ड आणि रिदमसाठी बोलावत असतील, तर ते काम नव्या गिटारवर होणार नाही. रॉन ‘बंबलफूट’ थॉल हे फ्रेटलेस गिटारमधलं मोठं नाव. त्यांची दोन नेकची व्हिजिए बघा, एका नेकवर फ्रेट नाहीत, दुसऱ्यावर आहेत. ज्यांचा हात फ्रेटलेसवर इतका बसला आहे त्यांनीही फ्रेट हाताशी ठेवलेत, आणि तुम्ही दोन्ही विकायला निघालात.

धातूचा फिंगरबोर्ड हवा, हा तुमचा आग्रह मात्र रास्त आहे. लाकडावर तार बोटाच्या मऊ गादीवर टेकते आणि ती गादी कंप पिऊन टाकते. जाड तारांना फारसं जाणवत नाही, पण वरच्या दोन पातळ तारांचा आवाज ठप्प होतो. सरोदवर हाच प्रश्न पोलादी पट्टीने आणि नखांनी सोडवलेला आहे. धातू किंवा काच वापरली की आवाज बराच लांबतो आणि झीज जवळजवळ थांबते. तरीही फ्रेटची बरोबरी होत नाही, म्हणून कॉम्प्रेसर आणि तार घुमत ठेवणारं ईबोसारखं उपकरण लागतं. तेच काम करणारं सस्टेनर पिकअप आतच बसवून घेणार असाल तर ते बहुधा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. बॅटरीचा कप्पा मागून उघडतो का, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या. नंतर पोकळी कोरणं महाग पडतं आणि विक्रीची किंमतही पाडतं.

तर मग करायचं काय? जो ३ भागांचा हप्ता २४ महिने भरायची तुमची तयारी आहे, तो आजपासून स्वतःच्या वेगळ्या खात्यात भरायला लागा. कर्ज नाही, विक्री नाही.

चार महिन्यांत १२ भाग जमतात. तेवढ्यात बोल्ट-ऑन (स्क्रूने जोडलेल्या) नेकची एखादी साधी वापरलेली गिटार घेऊन तिचे फ्रेट काढून घेता येतात. हे काम कारागिराकडूनच करून घ्या, पण तो काय करतो ते तुम्हाला कळलं पाहिजे. फ्रेट आधी सोल्डरिंग आयर्नने तापवायचा, मग सपाट तोंडाच्या पकडीने एका टोकाकडून हळूहळू उचलायचा. थंड फ्रेट ओढला की खाचेच्या कडेचे टवके उडतात. वार्निश केलेल्या मेपलवर ही भीती जास्त, म्हणून रोझवूड किंवा एबनीच्या फिंगरबोर्डची गिटार निवडा. खाच साधारण ०.६ मिलिमीटर रुंद असते. तीत तेवढ्याच जाडीची लाकडी पट्टी पातळ गोंदाने बसवायची. मऊ लांबी (पुट्टी) भरून भागवू देऊ नका, लांबी दबते आणि तार तिथे अडकते. पट्टी सैल राहिली तर ताराच्या ताणाने नेक पुढे वाकते, ठोकून बसवली तर मागे. मग फिंगरबोर्डच्या गोलाईच्या ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून १२० नंबरपासून ४०० च्या पुढे घासत जायचं.

इथपर्यंत बहुतेक कारागीर नीट करतात. चुकतं ते पुढे. फ्रेटची सुमारे १ मिलिमीटर उंची गेली, म्हणजे नटच्या खाचा आणि ब्रिज (तारा दुसऱ्या टोकाला टेकतात तो भाग) दोन्ही तेवढे खाली यायला हवेत. नटपाशी तारेखाली जेमतेम एक व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकीच फट ठेवायची. ती जास्त राहिली तर पहिल्या दोन-तीन जागांवर तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. वाजवणाऱ्याला वाटतं आपलाच कान कच्चा. ब्रिजचे सॅडल (प्रत्येक तार टेकते ते तुकडे) तळाला टेकूनही तारा उंचच राहिल्या, तर नेकच्या खोबणीत ब्रिजकडच्या बाजूला पातळ पाचर घालून नेक किंचित मागे कलवतात. आणि बाजूचे ठिपके! जुने ठिपके दोन फ्रेटच्या मधोमध असतात. त्यांच्याकडे बघून वाजवलं तर प्रत्येक सूर जवळपास पाव स्वराने उतरलेला लागेल. नवे ठिपके फ्रेटच्या रेषेवरच मारून घ्या.

या गिटारवर फ्लॅटवाउंड (सपाट वेढ्याच्या) तारा लावा. राउंडवाउंड (गोल वेढ्याची) तार आडवी ओढली की लाकडावर कानशीसारखी चालते आणि थोड्याच दिवसांत चर दिसायला लागतात. कंप घेताना बोट व्हायोलिनसारखं तारेच्या दिशेने हलवायचं, आडवं नाही.

सहा महिने रोज अर्धा तास ट्यूनर आणि तानपुऱ्याच्या साथीने वाजवा आणि किती दिवस खरोखर वाजवली याची कॅलेंडरवर खूण करा. १८० पैकी १०० खुणाही झाल्या नाहीत तर तुम्ही ८८ भाग वाचवलेत. ती गिटार ५-६ भागांना जाईल, विषय संपला. खुणा भरल्या तर खात्यात तेव्हा १८ भाग जमलेले असतील. तेच चालू ठेवा. आणखी १४ महिन्यांत ६० होतात, आणि ६० भागांच्या आसपास उंची वापरलेल्या फ्रेटलेसचा विचार करता येतो. म्हणजे कर्ज देणाऱ्याला जे ७२ भाग जाणार होते, तेवढ्यातच सरावाची गिटार आणि उंची गिटार दोन्ही झाल्या, आणि घरातल्या दोन कमावत्या गिटारी जागेवर. हे पैसे बचत खात्यात किंवा लिक्विड फंडात ठेवा, शेअर बाजारात नाही. अशी गिटार विक्रीला क्वचित येते, आणि येईल त्या दिवशी बाजार पडलेला असून चालणार नाही.

६० ला घेतलेली गिटार तीन वर्षांनी ५० ला गेली असं धरलं, तर बाकीचा खर्च तोच ठेवूनही वर्षाला साडेनऊ भागांच्या आत पडते. २५ च्या जागी.

वापरलेली बघायला जाल तेव्हा सरळ पोलादी पट्टी घेऊन जा आणि ती फिंगरबोर्डवर उभी धरून पलीकडे दिवा ठेवा. प्रकाशाची फट मध्ये दिसली तर ती ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, बाक सुधारायच्या दांडीने) जाते का बघा. फट वरच्या टोकाला, नेक बॉडीला मिळते तिथे असेल, तर सौदा सोडा, ते रॉडने जात नाही. धातूच्या पट्टीच्या कडांवर नखाने टकटक करत जा. आवाज एखाद्या ठिकाणी पोकळ आला तर गोंद सुटलाय. मग प्रत्येक तार एकेक अर्धस्वराने वर नेत वाजवा आणि आवाज अचानक कुठे मरतो ते टिपा. लाकडाच्या फिंगरबोर्डची असेल तर तो किती वेळा घासला गेलाय ते विचारा. दर वेळी जाडी कमी होते. ब्राझिलियन रोझवूडची गिटार सीमापार आणायच्या भानगडीत पडू नका. ते झाड १९९२ पासून सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९ अखेर सूट मिळाली, याला नाही.

विम्यात एकच गोष्ट तपासा. घरगुती पॉलिसीत मोबदला घेऊन वाजवायचं वाद्य धरलंय का? बरेचदा ते वगळलेलं असतं, मग वाद्याची वेगळी पॉलिसी लागते.

राहिला रेषांचा प्रश्न. आखलेली घ्या. कोऱ्या फिंगरबोर्डचा रुबाब असतो हे खरं, पण चोविसाव्या जागी अर्धस्वर अवघ्या ९ मिलिमीटरमध्ये मावतो, तिथे डोळ्यांची मदत का नाकारायची? शिवाय फ्रेटवरून येणारा नवखा गिऱ्हाईक रेषा बघून घ्यायला धजतो. कोरी गिटार विकायला जास्त दिवस लागतात.