कोनफ्लॉवरचे पहिले वर्ष
न्यू जर्सीतील आपल्या नव्या वाफ्यासाठी साधे जांभळे कोनफ्लॉवर, म्हणजे एकिनेशिया पुर्पुरिया, हेच निवडावे. भरगच्च पाकळ्यांच्या संकरित जाती सध्या टाळाव्यात. रोज किमान 6 तास ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा एवढे सांभाळले, की बाकीचे रोप स्वतः पाहून घेते. नवखे लोक हमखास लाड करून बिघडवतात: भरपूर खत घालतात आणि मग लुसलुशीत दांडे पहिल्याच जोरदार सरीत आडवे होतात (माझेही झाले होते). दोन रोपांत 45 सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि पहिल्या उन्हाळ्यात फुले कमी आली म्हणून रोप उपटू नये, कारण तेव्हा ते मुळे धरत असते. शरदात वाळलेली काटेरी बोंडे मात्र कापू नयेत. गोल्डफिंच, आपल्या राज्याचाच पक्षी, त्यांवर बसून एकेक बी उपसतो.