वेताळाचा सीआर चार की पाच? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी मी वेताळ नावाचा राक्षस तयार केला आहे. एचपी (किती मार सोसेल तो आकडा) ७५, एसी (हल्ला लागायला फाशात गाठावा लागणारा आकडा) १६, अ‍ॅटॅक बोनस (हल्ल्याच्या फाशात मिळवायचा आकडा) +६. दर राउंडला (लढाईच्या फेरीला) पंजाचे दोन हल्ले, प्रत्येकी २डी६+३ (सहा बाजूंचे दोन फासे अधिक ३) डॅमेज. जादू नसलेल्या शस्त्रांचा त्याला निम्माच मार बसतो. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमधल्या तक्त्यावरून सीआर (चॅलेंज रेटिंग, राक्षस किती भारी त्याचा आकडा) काढला तर एकदा ५ येतो, एकदा ४. कुठे चुकतंय? (नाशिक)

उत्तर : तुमचं काहीच चुकलेलं नाही. हा राक्षस नेमका तक्त्याच्या सांध्यावर बसला आहे.

हल्ला आणि बचाव यांचे सीआर वेगळे काढून त्यांची सरासरी घ्यायची असते. आधी हल्ल्याची बाजू घेऊ, ती सरळ आहे. २डी६+३ ची सरासरी १०, दोन पंजांचे २०. तक्त्यात १५ ते २० डॅमेज म्हणजे सीआर २. त्या ओळीत अ‍ॅटॅक बोनस +३ अपेक्षित आहे, तुमचा +६. दर दोन गुणांच्या फरकाला एक पायरी, म्हणून हल्ल्याचा सीआर ३.

घोळ बचावाच्या बाजूला आहे. निम्मा मार बसतो म्हणून एचपीला गुणायचं असतं, पण कितीने ते अपेक्षित सीआरवर ठरतं. १ ते ४ साठी दुप्पट, ५ ते १० साठी दीडपट. म्हणजे उत्तर काढायला आधी उत्तराचा अंदाज लागतो. अंदाज ४ धरला तर एचपी १५०, तक्त्यात बचावाचा सीआर ६. तिथे एसी १५ अपेक्षित, फरक एकाचाच, त्यामुळे बदल नाही. ६ आणि ३ ची सरासरी साडेचार, वर नेऊन ५. आता अंदाज ५ धरा. एचपी ११२, सीआर ३. अपेक्षित एसी १३, तुमचा १६, एक पायरी वर, म्हणजे ४. ४ आणि ३ ची सरासरी साडेतीन, वर नेऊन ४. कितीही वेळा मांडा, तो असाच झुलत राहणार.

यातून सुटायचं असेल तर तक्ता बाजूला ठेवून आधी आपली पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, बघा. सगळ्यांकडे जादूची शस्त्रं असतील किंवा मुख्य मारा मंत्रांचा असेल, तर ही निम्म्या माराची ढाल मोजायचीच नाही. मग एचपी ७५ म्हणजे सीआर १, एसीमुळे २, आणि अंतिम सीआर ३. म्हणजे एकच वेताळ एका पार्टीला ७०० एक्सपीचा (अनुभवाच्या गुणांचा), तर दुसरीला १८०० चा.

त्याला पक्का ४ वर आणायचा असेल तर ढाल काढून टाका, एचपी १०५ करा आणि पंजाचं डॅमेज ३डी६+३ करा. सरासरी १३, दोन मिळून २६. बचाव : १०५ म्हणजे ३, एसीमुळे ४. हल्ला : २६ म्हणजे ३, अपेक्षित +४, तुमचा +६, म्हणून ४. दोन्ही बाजू समान आल्या की लढाईही चांगली होते. बचाव ६ आणि हल्ला ३ असलेला राक्षस मरता मरत नाही आणि कुणाला मारतही नाही. टेबलावरचे सगळे कंटाळतात. सरासरीत ही गोष्ट लपून जाते, म्हणून दोन्ही आकडे नेहमी वेगळे लिहून ठेवा.

हिशेब बरोबर मांडताय का, हे ताडायला राक्षसांच्या पुस्तकातला ट्रोल घ्या. एचपी ८४, दर राउंडला १० भरून निघतात, तीन राउंडचे ३० धरून ११४, म्हणजे ३, एसी १५ मुळे ४. डॅमेज २९ म्हणजे ४, अ‍ॅटॅक +७ मुळे ५. साडेचार, वर नेऊन ५. पुस्तकातही ५ च आहे. ओगर हा दुसरा राक्षस मात्र या हिशेबाने १ च्या आसपास येतो आणि पुस्तकात २ छापला आहे. छापील आकडे सगळेच या तक्त्यातून निघालेले नाहीत, तेव्हा एखादा जुळला नाही म्हणून आपलं गणित खोडू नका.

प्रश्न : गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा सीआर पाव. चार गॉब्लिन म्हणजे एक. तरी पहिल्या लेव्हलची चौघांची पार्टी जवळजवळ संपली. असं का? (ठाणे)

उत्तर : सीआरची बेरीज करायची नसते, एक्सपीची करायची असते. एका गॉब्लिनचे ५०, चौघांचे २००. तीन ते सहा शत्रू असले की त्याला दोनने गुणायचं : ४००. पहिल्या लेव्हलच्या एका पात्रासाठी लढाई प्राणघातक ठरण्याची मर्यादा १०० एक्सपी आहे, चौघांची ४००. तुम्ही नेमके तिथेच पोचलात.

त्यात गॉब्लिनला बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे फेरीतल्या जादा कृतीत, लपता येतं. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) दर राउंडला लपवला, तर गाइडप्रमाणे एसी आणि अ‍ॅटॅक दोन्हींत ४ मिळवायचे. मग सीआर १ निघतो. मोकळ्या मैदानात भेटणारा आणि झुडपांतून बाण मारणारा गॉब्लिन वेगळाच समजा. पहिल्या लेव्हलला दोन पुरे.

प्रश्न : चौथ्या लेव्हलच्या चौघांसमोर सहा शॅडो (सावलीसारखे राक्षस) ठेवले. हिशेबात लढाई ‘मध्यम’ होती, पण विझार्ड (जादूगार पात्र) मेला. (पणजी)

उत्तर : हिशेब बरोबर आहे. सहाशे एक्सपी, दुप्पट करून १२००. मध्यम १००० पासून, कठीण १५०० पासून. पण शॅडोचा प्रत्येक तडाखा १डी४ (चार बाजूंच्या एका फाशाइतकी) स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकद, खातो आणि स्ट्रेंग्थ शून्य झाली की पात्र थेट मरतं, डेथ सेव्ह (मरणातून वाचण्यासाठीचा फासा) नाही. हे सीआरच्या तक्त्यात कुठेच धरलेलं नाही. विझार्डची स्ट्रेंग्थ बहुधा ८ असते. सरासरीने चौथ्या तडाख्याला खेळ संपतो, नशीब फिरलं तर दुसऱ्यालाच. एसी १२ असेल तर शॅडोचा हल्ला शंभरात ६५ वेळा लागतो. क्लेरिक (उपचार करणारं पात्र) एचपी भरून देतो, पण गेलेली स्ट्रेंग्थ विश्रांतीशिवाय परत येत नाही.

एचपी सोडून दुसरंच काही खाणारा राक्षस असला की पार्टीतला त्या बाबतीत सगळ्यात कच्चा गडी किती तडाखे झेलेल, ते वेगळं मोजा. आकडा चारच्या आत आला तर शत्रूंची संख्या निम्मी करा, किंवा सगळ्यांनी एकाच पात्राला घेरू नये हे आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : २०२४ च्या गाइडमध्ये हा तक्ता दिसत नाही. जुना चालेल का? (पुणे)

उत्तर : चालेल. नव्या गाइडमध्ये तयार राक्षसांत किरकोळ बदल करण्याची पद्धत आहे, सीआर काढण्याची नाही. मात्र नव्या लढाईच्या बजेटमध्ये (एका लढाईत किती एक्सपीचे राक्षस ठेवायचे त्या हिशेबात) संख्येचा गुणाकारही काढून टाकला आहे. वरच्या सहा शॅडोंचे तिथे नुसते ६०० एक्सपी धरले जातात आणि चौथ्या लेव्हलच्या चौघांचं सगळ्यात हलक्या लढाईचं बजेटच १००० आहे. घोळका वापरणार असाल तर जुन्या गुणकाने एकदा पडताळून घ्या.