पास्टरच्या परवानगीशिवाय चर्च बदललं तर 'आत्मिक कव्हरिंग' जातं का?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपच लागली नाही, म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही लिहिलंय की नोकरीत बदली पुण्याला झालीय, पण तुमचे पास्टर म्हणतात मी परवानगी दिल्याशिवाय दुसऱ्या मंडळीत गेलात तर तुमच्या घरावरचं कव्हरिंग, म्हणजे पास्टरच्या अधिकाराखाली राहिल्यानं मिळणारं देवाचं संरक्षण, निघून जाईल, तर हे वचनात, म्हणजे बायबलमध्ये, आहे का, आणि पुण्यात चर्च कसं निवडायचं.

वचनात नाही. 1 करिंथ 11 मध्ये झाकण्याचं जे बोलणं आहे ते डोक्यावरच्या पदराचं आहे, पास्टरचं नाही. हे शिक्षण जोरात पसरलं ते 1970 च्या दशकात अमेरिकेत. फ्लोरिडातले पाच शिक्षक होते, त्यात डेरेक प्रिन्स आणि बॉब ममफोर्ड. प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या वर एक मेंढपाळ पाहिजे, लग्न, नोकरी, घर घेणं सगळं त्याला विचारून, असं ते चाललं. पुढं प्रिन्स त्यातून बाजूला झाले आणि ममफोर्डनी 1989 मध्ये जाहीर माफी मागितली. शिकवणाऱ्यांनी मागं घेतलेलं शिक्षण आपल्याकडं अजून वचन म्हणून चालतंय याचं मला फार वाईट वाटतं.

आता माझं सांगतो. मी सोलापूरचा, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती, आजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत मास्तर होते. 2009 साली बायको खूप आजारी होती तेव्हा मेव्हण्यानं एका स्वतंत्र फेलोशिपच्या, म्हणजे कुठल्याही मोठ्या चर्चशी न जोडलेल्या मंडळीच्या, पास्टरला घरी आणलं, त्यांनी रात्रभर गुडघ्यावर बसून प्रार्थना केली, ती बरी झाली, आणि आम्ही जुनं चर्च सोडून तिकडं जायला लागलो. ती प्रार्थना खरी होती, हे मी आजही म्हणतो.

उपासना पत्र्याच्या शेडमध्ये व्हायची, आधी तिथं माग होते. मी टॉवेलच्या कारखान्यात अकौंटंट, त्यामुळं अर्पण मोजायचं काम माझ्याकडं आणि मेव्हण्याकडं आलं. उपासना संपली की पडद्यामागं सतरंजीवर बसून स्टीलचा डबा उलटा करायचा. मंडळीत निम्म्या बायका विड्या वळणाऱ्या, त्यांच्या नोटांना तंबाखूचा वास यायचा, दहाची नोट घडी घालून घालून बोटाच्या पेराएवढी केलेली असायची, ती उलगडून सरळ करायलाच वेळ जायचा. एक आक्का होत्या, त्या पाकिटावर पेन्सिलनं 'दशमांश' लिहायच्या, मंडळीतल्याच एका मुलीनं त्यांना लिहायला शिकवलं होतं. एकदा आत 83 रुपये निघाले. 80 नाही, 90 नाही, 83. आठवड्याच्या मजुरीचा दहावा भाग त्यांनी रुपयापर्यंत काढला होता. आणि आम्ही ते सगळं एका पिशवीत भरून पास्टरच्या हातात द्यायचो, कुठंही काही लिहिलेलं नाही. रोज दुसऱ्याच्या कारखान्याचा पै-पैचा हिशोब लिहिणारा माणूस मी, सहा वर्षं गप्प होतो.

त्या 83 रुपयांनी मला गप्प बसू दिलं नाही. मी एक लाल पुठ्ठ्याची वही आणली, तारीख, नोटा किती, चिल्लर किती, एकूण, आणि खाली मोजणाऱ्या दोघांच्या सह्या. चार रविवार लिहिलं. पाचव्या रविवारी पास्टर पडदा सारून आत आले आणि वही बघून म्हणाले, "ब्रदर, हे कोणी सांगितलं? मी हिशोब देवाला देतो, माणसाला नाही." मेव्हणा सतरंजीकडं बघत बसला. त्याच्या पुढच्या रविवारी संदेश 1 शमुवेल 15:23 वर, बंडखोरी ही जादूटोण्यासारखी. मग मला पुढं बोलावून गुडघ्यावर बसवलं आणि बंडाचा आत्मा निघून जावा म्हणून सगळ्यांना हात उंच करायला सांगितले. आक्का पहिल्याच ओळीत होत्या, त्यांनी हात वर केला नाही. उपासना सुटल्यावर चप्पल घालता घालता हळूच म्हणाल्या, "काय चुकलं ओ तुमचं? लिहूनच ठेवालाव की." त्यानंतर आम्ही गेलो नाही. महिनाभरात मंडळीतल्या लोकांनी रस्त्यात ओळख द्यायचं बंद केलं, मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला आम्हाला बोलावणं नाही. सख्ख्या आत्याला.

मेव्हण्याचं म्हणणं आजतागायत एकच, "दाजी, तुम्ही अभिषिक्ताला हात लावलात." अभिषिक्त म्हणजे देवानं नेमलेला, त्याच्या मते पास्टर. आता हे वचन स्तोत्र 105 मध्ये आहे, सबंध वाचा. तिथं अब्राहाम, इसहाक, याकोब हे परदेशात तंबू घेऊन फिरणारे मूठभर लोक आहेत आणि देव राजांना दम देतोय की यांना हात लावू नका. म्हणजे ते वचन गादीवरच्याला सांगितलेलं आहे, भटकणाऱ्यांच्या बाजूनं. ते उलटं करून विड्या वळणाऱ्या बाईवर चालवायचं आणि गादीवरच्याला वाचवायचं, हे पाप आहे असं मी स्पष्ट म्हणतो.

दुसरं त्याचं आवडतं इब्री 13:17, अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा. मान्य, पण त्याच वचनात पुढं लिहिलंय की त्या अधिकाऱ्यांनी हिशोब द्यायचा आहे. आणि 'हिशोब देवाला देतो' याचं उत्तर प्रेषित पौलानं 2 करिंथ 8:20-21 मध्ये देऊन ठेवलंय, गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी पोचवताना तो सोबत माणसं घेतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून, आणि म्हणतो प्रभूपुढंच नाही तर माणसांपुढंही आम्ही चोख राहायची काळजी घेतो. जो प्रेषित अंत्युखियात पेत्राला तोंडावर चूक सांगतो तो स्वतःची वर्गणी साक्षीदारांसमोर ठेवतो.

आणि मला सगळ्यात जास्त काय खटकलं ते सांगतो. आमचे पास्टर कुणाच्या हाताखाली होते? कुणाच्याच नाही. आम्हाला सांगायचे कव्हरिंगशिवाय राहू नका आणि स्वतः 'मी स्वतंत्र सेवक, मला बिशप नको, कमिटी नको'. एका माणसाला कुणीच विचारायचं नाही अशी सोय झाली की बाकी दोनशे लोकांना त्याला विचारल्याशिवाय बदलीसुद्धा घेता येत नाही. आजोबांच्या चर्चमध्ये अमेरिकन मिशनची काँग्रिगेशनल रीत होती, मंडळीच मतदान करून ठरवायची, 1970 ला अनेक चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यावर वर बिशप आले पण मंडळीतल्याच लोकांची पेस्टोरेट कमिटी राहिली. वार्षिक सभेत सेक्रेटरी जमाखर्च वाचायचा आणि पडद्याच्या कापडावरून, खुर्च्यांच्या भाड्यावरून तासभर भांडण. तरुणपणी मला त्याचा कंटाळा यायचा, वाटायचं इथं आत्मा कुठाय. आज कळतंय की त्या भांडणात आक्कासारखी कुणीही उठून 'माझ्या पैशाचं काय केलं' म्हणू शकत होती.

मेव्हणा मला बंडखोर म्हणतो. मग पंडिता रमाबाईंना काय म्हणणार? 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या एक नन, सिस्टर जेराल्डिन, यांना त्यांनी पत्रात सरळ कळवलं की पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं सुटले, आता पाद्री बोलतील ते देवाची आज्ञा समजून दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही. पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं, तिथं त्यांचं मुक्ती मिशन आजही आहे. आणि कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' ही मिशनपासून वेगळी भक्तमंडळी सुरू केली. यांच्यापैकी कुणी ख्रिस्त सोडला? त्यांनी माणसाचं धनीपण सोडलं.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझा कारखाना बंद पडला, पगार थांबला, तेव्हा मेव्हण्यानं बायकोला फोन करून सांगितलं, बघ, कव्हरिंग गेल्याचं फळ. अख्ख्या सोलापूरचे माग बंद होते. ती दोन दिवस जेवली नाही. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण ज्या बाईच्या आजारपणात तुम्ही रात्रभर प्रार्थना केली तिलाच भीती घालायची, हे मी विसरलेलो नाही.

बरं, हेही सांगितलं पाहिजे की सगळे स्वतंत्र पास्टर असे नसतात, सोलापुरातच मला दोघं माहितीयत जे स्वतःहून जमाखर्च भिंतीला लावतात. आणि जुन्या चर्चमध्ये सगळं आलबेल आहे असंही नाही, मालमत्तेवरून कोर्टकचेऱ्या तिथंही होतात. 'मला कुणाचीच गरज नाही, घरीच यूट्यूबवर संदेश ऐकतो' हेही बरोबर नाही, मी वर्षभर तसं केलं आणि मन कोरडं पडलं. आता आम्ही परत आजोबांच्याच चर्चमध्ये जातो.

तुमचं म्हणाल तर पास्टरना भेटून नमस्कार करा, बदलीची तारीख सांगा, प्रार्थना करून घ्या आणि जा. परवानगी मागू नका, निरोप घ्या. पुण्यात मला चर्चची फार माहिती नाही, पण जिथं जाल तिथं दोन गोष्टी बघा, अर्पण कोण मोजतं आणि पास्टर चुकला तर त्याला बसवून विचारणारं कोण आहे. उत्तर द्यायला लोक कचरले तर दुसरं बघा.

ती लाल वही मी टाकलेली नाही. माझा मेव्हणा हे वाचत असेल तर त्याला एवढंच सांगायचंय की चारही रविवारी माझ्या सहीशेजारी त्याची सही आहे, आणि तिसऱ्या रविवारी मी विसरलो होतो तेव्हा "दाजी, सही राहिली तुमची" म्हणून वही त्यानंच माझ्यापुढं सरकवली होती.